गाळलेल्या जागा भरण्याचे श्रम : कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या वर्गातील थकव्याचा इतिहास

कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा इतिहास बहुधा पद्धतींच्या वादाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मुलाला खुणांच्या भाषेतून शिकवावे की बोलण्यातून, यावर दोनशे वर्षांहून अधिक काळ वाद झाला. या वादात मुलाची वाचा किती सुधारली, त्याला किती शब्द आले, हे मोजले गेले. परंतु एका प्रश्नाकडे फार काळ दुर्लक्ष झाले. तो म्हणजे, वर्गात चाललेले बोलणे समजून घेण्यासाठी या मुलाला किती श्रम पडतात?

शिक्षकांना या प्रश्नाचे बाह्य रूप परिचित आहे. सकाळी पहिल्या तासाला नीट उत्तरे देणारे मूल मधल्या सुट्टीनंतर गोंधळते, शेवटच्या तासाला बाकावर डोके टेकते, घरी गेल्यावर चिडचिड करते. त्याच्याविषयी 'लक्ष देत नाही', 'आळशी आहे' असे शेरे पडतात. 'मनात असेल तेव्हा याला बरोबर ऐकू येते' हा शेरा तर फार ठिकाणी ऐकू येतो. हा थकवा आळस नसून श्रमाचा परिणाम आहे, हे विज्ञानाने मांडेपर्यंत विसावे शतक संपत आले होते. एवढा उशीर का झाला, हे पाहणे उद्बोधक आहे.

मिलानचा ठराव

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या दोन परंपरा उभ्या राहिल्या. पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी कर्णबधिरांच्या स्वतःच्या खुणांना शिक्षणात स्थान दिले. जर्मनीत सॅम्युएल हाइनिके यांनी १७७८ मध्ये लाइपझिग येथे शाळा काढली व बोलण्याच्या शिक्षणावर भर दिला. पहिली परंपरा अमेरिकेत पोहोचली आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे शाळा सुरू झाली. तेथे लॉरें क्लेर हे स्वतः कर्णबधिर असलेले फ्रेंच शिक्षक होते.

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी बहुसंख्य इटली व फ्रान्सचे होते. कर्णबधिर शिक्षकांना तेथे जवळजवळ स्थान नव्हते. परिषदेने प्रचंड बहुमताने मौखिक पद्धती श्रेष्ठ ठरवली. बोलणे व खुणा एकत्र वापरल्यास वाचा, ओठवाचन आणि विचारांची स्पष्टता यांची हानी होते, असेही तिने ठरवले. यानंतर युरोपातील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार होऊ लागली आणि तिच्याबरोबर कर्णबधिर शिक्षकही बाहेर पडले.

याच परिषदेचा एक ठराव मात्र फारसा उद्धृत होत नाही. शुद्ध मौखिक पद्धतीने शिकवताना एका शिक्षकाकडे दहापेक्षा अधिक मुले असू नयेत, असे तिने म्हटले होते. म्हणजे ही पद्धती अत्यंत श्रमाची आहे, याची जाणीव परिषदेला होती. परंतु ते श्रम शिक्षकाच्या बाजूने मोजले गेले. समोर बसून दिवसभर ओठांकडे पाहणाऱ्या मुलाचे श्रम कोणत्याही ठरावात आले नाहीत.

थकवा मोजण्याचे शास्त्र

विशेष म्हणजे याच काळात युरोपात थकव्याचे शास्त्र जन्माला आले. मिलानपासून फार दूर नसलेल्या तुरीन येथे अँजेलो मोस्सो हे शरीरशास्त्रज्ञ काम करीत होते. बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायला लावून स्नायूचा थकवा कागदावर आलेखित करणारे यंत्र त्यांनी बनवले. १८९१ मध्ये त्यांचा थकव्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तासन्‌तास तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाच्या बोटाची ताकदही घटलेली असते, असे त्यांना दिसले. बुद्धीच्या कामाने शरीर थकते, ही गोष्ट प्रयोगाच्या कक्षेत आली.

जर्मनीत तेव्हा शाळकरी मुलांवर अभ्यासाचा अतिरिक्त बोजा पडतो काय, यावर मोठी चर्चा चालू होती. ब्रेस्लाव शहरात सलग पाच तास शाळा भरे. तिचा मुलांवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे काम हेर्मान एबिंगहाउस यांच्याकडे आले. स्मरणशक्तीवरील प्रयोगांमुळे ते आधीच प्रसिद्ध होते. १८९७ मध्ये त्यांनी एक नवी चाचणी मांडली. मुलांना एक उतारा द्यायचा, त्यातील काही शब्द व अक्षरे गाळलेली असत. संदर्भावरून त्या जागा ठरावीक वेळात भरायच्या. आज शाळाशाळांतून परिचित असलेला 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रकार अशा रीतीने मेंदूचा थकवा मोजण्यासाठी वापरला गेला. सुट्या भागांची जुळणी करून अर्थ लावणे हे बुद्धीचे खरे कष्टाचे काम आहे, अशी त्यामागची धारणा होती.

ही चाचणी ऐकणाऱ्या मुलांना काही मिनिटांपुरती दिली जात होती. मौखिक शाळांतील कर्णबधिर मूल मात्र हेच काम शाळा सुटेपर्यंत करीत होते.

ओठांवर काय दिसते?

हे विधान समजण्यासाठी ओठवाचन म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. बोलण्यातील बरेचसे ध्वनी तोंडाच्या आत तयार होतात आणि बाहेरून दिसत नाहीत. मराठीतच पाहिले तर प, ब, भ, म या वर्णांसाठी ओठ सारखेच मिटतात. त्यामुळे 'पार', 'बार', 'भार' आणि 'मार' हे चार शब्द ओठांवर एकसारखे दिसतात. क, ख, ग, घ हे कंठात उच्चारले जातात, ते जवळजवळ दिसतच नाहीत. 'सात' आणि 'साठ' यांतील फरक जिभेच्या टोकाच्या जागेचा आहे. गणिताच्या तासाला तो न दिसल्यास सगळे उदाहरण चुकते. 'भाग' म्हटले की 'बाग', हे वाक्य संपल्यावर संदर्भानेच ठरते आणि तोवर शिक्षक पुढच्या वाक्यावर गेलेले असतात.

ज्याला थोडे ऐकू येते त्या मुलाचीही स्थिती मूलतः वेगळी नाही. अनेकांच्या बाबतीत स्वर ऐकू येतात, पण स, श, थ यांसारखी क्षीण व उच्च कंपनांची व्यंजने निसटतात. मग वाक्य अर्धे कानांनी, थोडे डोळ्यांनी आणि उरलेले अंदाजाने पुरे करावे लागते. शिक्षक फळ्याकडे वळले, पुस्तक तोंडासमोर धरले किंवा खिडकीकडे पाठ करून उभे राहिले आणि चेहरा अंधारात गेला की डोळ्यांची मदतही जाते. ऐकणारे मूल लिहिताना ऐकू शकते. ओठ वाचणाऱ्या मुलाने वहीकडे पाहिले की त्याच्यापुरते व्याख्यान थांबते.

बहुभाषिक प्रदेशात या कामाला आणखी एक पदर आहे. बेळगाव परिसरात एखाद्या मुलाच्या घरी उर्दू, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड असते. उर्दूतील 'पानी' आणि मराठीतील 'पाणी' ओठांवर सारखेच दिसतात, कन्नडमधील 'नीरु' अगदी वेगळा. ऐकणारे मूल या भाषा कानावर पडता पडता शिकते. कर्णबधिर मुलाला प्रत्येक भाषेतील ओठांच्या हालचाली स्वतंत्र प्रयत्नाने ओळखाव्या लागतात आणि आत्ता कोणती भाषा चालू आहे, हेही आधी ठरवावे लागते.

बिने यांच्या हातातील दोन धागे

थकव्याचा अभ्यास आणि कर्णबधिरांचे शिक्षण हे दोन्ही विषय एका विद्वानाच्या हातून गेले, ही या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय. बुद्धिमापन चाचणीमुळे जगप्रसिद्ध झालेले फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १८९८ मध्ये व्हिक्टर आंरी यांच्यासह बौद्धिक थकव्यावर ग्रंथ लिहिला. शाळेतील थकव्याविषयी ठाम मते पुष्कळ आहेत, प्रयोग मात्र थोडे आहेत, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९०९ मध्ये त्यांनी तेओदोर सिमों यांच्यासह मौखिक पद्धतीने शिकलेल्या कर्णबधिर माजी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. या व्यक्ती जवळच्या माणसांशी काही प्रमाणात बोलू शकतात, परंतु अनोळखी माणसाशी संभाषण करणे वा बोलण्याच्या जोरावर रोजगार मिळवणे त्यांना बहुतांशी जमत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मौखिक शाळांचे समर्थक या निष्कर्षाने नाराज झाले.

या पाहणीत शिक्षणाचे फळ मोजले गेले. त्या फळासाठी मुलांनी वर्गात किती शक्ती खर्च केली, हा प्रश्न तेथेही आला नाही. थकव्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या बिने यांनाही हे दोन धागे जोडता आले नाहीत. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतातील वाटचाल

मिलाननंतर काही वर्षांतच, १८८० च्या दशकाच्या मध्यास, मुंबईत कर्णबधिर मुलांची संस्था उभी राहिली. कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांचा त्यात पुढाकार होता. १८९३ मध्ये कलकत्त्यात शाळा निघाली. तिचे एक संस्थापक जामिनीनाथ बॅनर्जी पुढे परदेशात प्रशिक्षण घेऊन आले. विसाव्या शतकात देशातील बहुसंख्य शाळांनी मौखिक पद्धती प्रमाण मानली. वर्गात ओठवाचन आणि वसतिगृहात, मैदानावर खुणा, अशी विभागणी अनेक ठिकाणी दिसे. मुले दिवसभर ओठ वाचून सुट्टीत खुणांकडे वळत, ही गोष्ट शिस्तभंग म्हणून पाहिली गेली. ती विश्रांतीही असू शकते, हे कोणी विचारात घेतले नाही.

१९७७ पासून मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, मुंबई, कलकत्ता व बंगलोर येथील कर्णबधिरांच्या खुणांचा अभ्यास केला. वसिष्ठ हे स्वतः कर्णबधिर. या शहरांतील खुणांना स्वतःचे व्याकरण असून त्या मूलतः एकाच भाषेची रूपे आहेत, असे या अभ्यासातून पुढे आले.

१९८३ मध्ये वांद्रे येथे श्रवणदोष असलेल्यांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. हैदराबादचे अली यावर जंग हे उस्मानिया व अलीगढ मुस्लिम या विद्यापीठांचे कुलगुरू आणि १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. या संस्थेचे एक विभागीय केंद्र सिकंदराबाद येथे आहे. शिक्षकांचे प्रशिक्षण, श्रवणचाचणी आणि श्रवणयंत्रे यांच्या प्रसारात संस्थेचा वाटा मोठा आहे.

यंत्र आणि वर्गखोली

श्रवणयंत्रामुळे हा प्रश्न सुटेल, अशी विसाव्या शतकाच्या मध्यास अपेक्षा होती. ती अंशतःच पुरी झाली. यंत्र आवाज मोठा करते, पण शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंख्याचा, बाकांचा आणि रस्त्याचा आवाजही मोठा होतो. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. वर्गात मागे बसणाऱ्या मुलापर्यंत शिक्षकाचा थेट आवाज क्षीण होऊन पोहोचतो आणि त्यात उघड्या भिंती व फरशीवरून परतणारे आवाज मिसळतात. अमेरिकेत २००२ मध्ये वर्गखोल्यांसाठी मानक ठरले. त्यानुसार रिकाम्या वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा आणि लहान वर्गात आवाज रेंगाळण्याचा काळ ०.६ सेकंदापर्यंतच असावा. पत्र्याचे छप्पर, उघड्या खिडक्या आणि साठ मुलांचा वर्ग या परिस्थितीत हे मानक किती दूरचे आहे, हे सांगण्याची गरज नाही.

कर्णबधिरांच्या शिक्षणाबाहेर, मानसशास्त्रात मात्र या प्रश्नाची उकल सुरू झाली होती. १९६८ मध्ये पॅट्रिक रॅबिट यांनी दाखवले की, गोंगाटातही आकडे बरोबर ऐकू येऊ शकतात, पण ते पुढे कमी लक्षात राहतात. ओळखण्यात जी शक्ती खर्च होते ती साठवण्यासाठी उरत नाही. १९७३ मध्ये डॅनियल काहनेमान यांनी अवधान ही मर्यादित शक्ती आहे, असा सिद्धान्त विस्ताराने मांडला. या दोन गोष्टींनी 'ऐकू येते, मग का कळत नाही?' या जुन्या प्रश्नाला उत्तर दिले. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये आर. कॉनरॅड यांनी शाळा सोडणाऱ्या कर्णबधिर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत अनेक वर्षे प्रशिक्षण घेतलेल्या या मुलांचे ओठवाचन प्रशिक्षण न घेतलेल्या ऐकणाऱ्या मुलांपेक्षा सरस आढळले नाही. मुलांकडून अपेक्षिलेले काम मुळातच किती अवघड होते, हे यावरून दिसते.

मोजमापाची सुरुवात

१९९८ मध्ये अमेरिकेत फ्रेड बेस व सहकाऱ्यांनी अगदी सौम्य श्रवणदोष असलेल्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३७ टक्के मुले निदान एकदा नापास झालेली होती. स्वतःच्या उत्साहाविषयी व ताणाविषयी या मुलांनी दिलेली उत्तरेही ऐकणाऱ्या मुलांहून वाईट होती. 'थोडेच कमी ऐकू येते, चालून जाईल' या समजुतीला हा धक्का होता.

२००२ मध्ये कँडेस हिक्स आणि ॲन मेरी थार्प यांनी ऐकण्याचे श्रम आणि थकवा हे दोन्ही एकाच अभ्यासात मोजले. मुलांनी ऐकलेले शब्द उच्चारायचे आणि मध्येच दिवा लागला की बटण दाबायचे. श्रवणदोष असलेल्या मुलांना बटण दाबायला अधिक वेळ लागला. त्यांची शक्ती शब्द ओळखण्यातच गुंतलेली होती. मात्र लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाच्या प्रमाणात आणि मुलांनी स्वतः सांगितलेल्या थकव्यात दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. हा निकाल प्रामाणिकपणे नोंदवला गेला, म्हणून पुढचे काम अधिक नेमके झाले. श्रम आणि थकवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि थकवा मोजायला योग्य प्रश्नावली हवी, हे लक्षात आले.

२०१४ पासून बेंजामिन हॉर्न्सबी, बेस आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठीची थकव्याची प्रश्नावली वापरली, तेव्हा श्रवणदोष असलेल्या मुलांनी अधिक थकवा नोंदवला. २०१६ च्या अभ्यासात झोपेतून उठतेवेळी त्यांच्यातील कॉर्टिसॉलची पातळी अधिक दिसली. पुढील अभ्यासांत श्रवणदोषाची तीव्रता आणि थकवा यांचा सरळ संबंध आढळला नाही. भाषेवरील प्रभुत्व कमी असेल तेथे मात्र बौद्धिक थकवा अधिक होता. गाळलेल्या जागा संदर्भाने भरायच्या असतात आणि संदर्भ भाषेतून येतो. त्यामुळे ज्याची भाषा समृद्ध आहे त्याला त्या भरणे कमी कष्टाचे जाते, हे समजण्यासारखे आहे. लहान वयात भरपूर भाषा मिळणे, मग ती खुणांची असो वा बोलण्याची, हा थकव्यावरचाही एक उपाय ठरतो.

दुभाष्याची पाळी आणि विद्यार्थ्याची पाळी

खुणांची भाषा वर्गात आली म्हणजे थकवा संपतो, असेही नाही. खुणांत अंदाजाचा भाग कमी असतो, परंतु डोळ्यांना विसावा नसतो. दुभाषी, फळा आणि वही या तिन्हींकडे एकाच वेळी पाहता येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात सलग अर्ध्या तासानंतर दुभाष्याच्या चुका वाढू लागतात, असे दिसले. लांब कार्यक्रमात दोन दुभाष्यांनी वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलावी, असा प्रघात त्यामुळे दृढ झाला. दुभाष्याचा थकवा व्यवसायाने मान्य केला. त्याच्याकडे एकटक पाहणारा विद्यार्थी मात्र पाच-सहा तास पाळी न बदलता बसतो.

२०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे कर्णबधिर शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले व त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. भारतात २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० संज्ञा आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणदोष असलेल्यांना 'कमी ऐकू येणारे' आणि ७० डेसिबल श्रवणदोष असलेल्यांना 'कर्णबधिर' मानले. त्यांना योग्य भाषेतून व माध्यमातून शिक्षण देण्याची जबाबदारीही त्याने शिक्षणसंस्थांवर टाकली. ज्यांचा दोष ६० डेसिबलपेक्षा कमी आहे ती मुले या व्याख्येबाहेर राहतात. सौम्य दोषाविषयीचा १९९८ चा अभ्यास पाहता त्यांचा थकवा मात्र व्याख्येबाहेर राहत नाही.

परीक्षेपुरती सवलत आपल्याकडे परिचित आहे. दिव्यांग परीक्षार्थींना तीन तासांच्या पेपरला किमान एक तास अधिक वेळ देता येईल, असे केंद्र सरकारच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते आणि २०१८ मध्ये त्या सुधारण्यात आल्या. परंतु परीक्षा वर्षातून एक-दोनदा येते, वर्ग रोज भरतो.

समारोप

या इतिहासातून दिसते ते असे. थकवा मोजण्याचे साधन १८९७ मध्येच हाती होते, कर्णबधिर शाळाही होत्या, परंतु या दोहोंची गाठ पडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. शाळेने मुलाचे बोलणे मोजले. त्यासाठी मुलाला काय मोजावे लागले, हे विचारले नाही. आज ते विचारण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. अवघड विषय सकाळच्या तासांना ठेवणे, सलग दोन तोंडी तासांमध्ये वाचन, चित्रकला वा प्रयोग यांचा तास घालणे, नवे शब्द आधी फळ्यावर लिहिणे, वर्गाकडे तोंड करून बोलणे, टिपणे लिहायला थांबणे, मधल्या सुट्टीत मुलाला काही मिनिटे कानाचे मशीन काढून शांत बसू देणे, या गोष्टी साध्या शाळेतही होऊ शकतात. आणि शेवटच्या तासाला मुलाने बाकावर डोके टेकले, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्या दिवशी त्याने किती गाळलेल्या जागा भरल्या असतील, याचा हिशेब शिक्षकाने मनाशी करावा.